फोटोतली नावे कोण सांगणार?

निगेटिव्हचा डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला, तर समजावे की उशीर झाला आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरचे आणि नाक्यावरच्या स्टुडिओतले कृष्णधवल फोटो ज्या फिल्मवर निघाले, तिचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा. दमट हवेत तो विघटित होऊ लागतो. त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, त्या आम्लाने विघटन आणखी जोर धरते आणि त्याच डब्यातल्या धडधाकट फिल्मलाही लागण होते. आढीतला एक आंबा नासला की शेजारच्यांची खैर नसते, तसा हा प्रकार. फिल्म आक्रसते, वाकडीतिकडी होते, तिच्यावरचा चित्राचा थर सुटून सुरकुततो. यावर औषध नाही. थंड आणि कोरड्या जागी ठेवून नासण्याचा वेग कमी करता येतो, एवढेच. 21 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता कायम राखली, तर नव्या फिल्मला आंबायला साधारण चाळीस वर्षे लागतात, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. मुंबईत आणि कोकणात भर पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर रेंगाळते. 1970 आणि 1980 च्या दशकांतल्या निगेटिव्ह या हिशेबाने मुदतीबाहेर गेल्या आहेत. त्या कोणाच्या माळ्यावर, कोणत्या ट्रंकेत, कोणत्या अवस्थेत पडल्या आहेत हे सांगणारी एकही सरकारी यादी नाही.

रसायनशास्त्राचा हा धडा अग्रलेखात गिरवायचे कारण म्हणजे या डब्यांत जे आहे ते दुसरीकडे कुठेही नाही. मोठ्या समाजांच्या रोजच्या जगण्याचे पुरावे चहूकडे सांडलेले असतात. सिनेमात, कादंबऱ्यांत, कोर्टाच्या कागदांत, पाठ्यपुस्तकांत ते सापडतात. एक धागा तुटला तरी दुसरा हाती लागतो. लहान समाजांचे तसे नसते. पारशी, बेने इस्रायली, मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी, वसई-गोराईचे ईस्ट इंडियन, रेल्वे वसाहतींतले अँग्लो-इंडियन यांच्या सणांची, दंगलींची किंवा थोर पुरुषांची नोंद मिळते. मंगळवारी दुपारी चार वाजता त्यांच्या घरात काय चालायचे, याची नोंद कोणी ठेवली असेल, तर ती त्यांच्यातल्याच एखाद्या हौशी किंवा धंदेवाईक फोटोवाल्याने.

पारशांचेच घ्या. 1941 च्या जनगणनेत भारतात 1,14,890 पारशी होते. 2001 मध्ये 69,601 उरले, 2011 मध्ये 57,264. यातले जवळपास 45 हजार महाराष्ट्रात, आणि त्यातले बहुसंख्य मुंबईत. 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे त्यानंतरचा अधिकृत आकडा हाती नाही. पण तो वर गेला असेल असे पारशीही म्हणणार नाहीत. 2001 मध्येच या समाजात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण 31 टक्के होते, तेव्हा देशाचे प्रमाण सात-साडेसात टक्के होते. जन्मदर वाढावा म्हणून केंद्र सरकारने 2013 मध्ये 'जियो पारसी' योजना आणली. पोटी मूल यावे म्हणून उपचारांना पैसे मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. जे जगून गेले त्यांचे जगणे कसे दिसायचे, ते जपण्यासाठी मात्र तशी तरतूद नाही.

या समाजाचे नशीब एका बाबतीत बरे, की त्याला सूनी तारापोरवाला मिळाल्या. 'सलाम बॉम्बे'च्या पटकथाकार म्हणून त्यांना जग ओळखते. 1957 साली मुंबईत जन्मलेल्या या बाईंनी हार्वर्डमध्ये शिकत असताना उसन्या पैशांनी कॅमेरा घेतला, मुंबईत परतल्या आणि आपल्याच माणसांकडे तो वळवला. सुरुवात घरातल्यांपासून झाली, मग नातेवाईक, मग 'बाग' म्हणवणाऱ्या पारशी वसाहती, लग्ने, नवजोती म्हणजे मुलांच्या धर्मदीक्षेचे विधी. छायाचित्रकार रघुवीर सिंह यांनी हे फोटो पाहून पारशांवर पुस्तकच करा असे सुचवले. ते पुस्तक यायला 2000 साल उजाडले, आणि तेही त्यांना स्वतःच काढावे लागले. वीस वर्षांचे काम, या समाजाचा असा चित्ररूप दस्तऐवज पूर्वी झाला नव्हता, आणि पदराला खार छायाचित्रकाराच्याच. 2001 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचे फोटो लागले, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने संग्रहात घेतले, 2014 मध्ये पद्मश्री मिळाली. लंडन झाले, न्यूयॉर्क झाले, दिल्लीही झाली. ज्या शहरातल्या जिन्यांवर आणि गॅलऱ्यांत हे फोटो निघाले, त्या मुंबईचे किंवा ज्या राज्याची ती राजधानी आहे त्या महाराष्ट्राचे नाव या यादीत कुठे येते?

अशा कामाचे मोल कळायला त्याआधी काय होते ते पाहावे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 साली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळातले नावाजलेले छायाचित्रकार. त्याच काळात विल्यम जॉन्सन या इंग्रजाने मुंबईच्या जातीजमातींचे फोटो काढून 1863 आणि 1866 मध्ये दोन खंड छापले. माणसे एकीकडे उभी करून टिपायची, आणि मग त्यांच्या आकृती कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवायच्या, ही त्याची पद्धत. पुढे सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने 1868 ते 1875 या काळात आठ खंड काढले, त्यातही माणूस कमी आणि नमुना जास्त. पारशी म्हणजे उंच पागोटे आणि पांढरी डगली. खाली नाव नाही. जमात आणि धंदा तेवढा लिहिलेला. राज्य करणाऱ्याला कोणाला कोणत्या खणात ठेवायचे तेवढेच कळायला हवे होते.

ती नजर इंग्रजांबरोबर गेली, असे मानण्याचे कारण नाही. आज आपण लहान समाजांना त्याच खणांत पाहतो, फक्त खण बदलले आहेत. पारशी म्हटले की जमशेटजी टाटा, होमी भाभा, सॅम माणेकशा. नाहीतर हिंदी सिनेमातला चक्रम बावाजी. नाहीतर इराणी हॉटेलातला बनमस्का आणि त्याच्या संगमरवरी टेबलाचा रील. मुसलमान म्हटले की दंगलीनंतरची जळकी दुकाने किंवा रमझानात मोहम्मद अली रोडवरचे कबाब. कारकुनी करणारी, डबा घेऊन लोकल पकडणारी, मुलांच्या शाळेच्या फीसाठी कर्ज काढणारी मुस्लिम बाई आपल्या वर्तमानपत्रांच्या फोटोंत वर्षभरात किती वेळा दिसते? पारशांत मोठी संख्या अविवाहित वृद्धांची आहे, पारशी पंचायतीच्या स्वस्त भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांची आहे, धर्मादाय निधीवर औषधपाणी चालणाऱ्यांची आहे. 'पारशी म्हणजे गर्भश्रीमंत' ही समजूत ज्यांनी धरून ठेवली, त्यांनी रुस्तम बागेतल्या किंवा दादर पारशी कॉलनीतल्या तळमजल्याच्या खोलीत डोकावलेले नसते.

डोकावायला तिथला माणूस लागतो. अग्यारीत परधर्मीयाला प्रवेश नाही. ते दार कॅमेऱ्याला मोकळे नाही आणि नसावेही. पण घराचे दारही परक्या कॅमेऱ्यासमोर अर्धेच उघडते. पारशी घराच्या उंबऱ्याशी सकाळी चुन्याच्या पुडीने डब्याच्या छिद्रांतून चोक उमटवतात, तोरण चढवतात. कोणी बाहेरचा फोटो काढायला आला की ते सगळे सणासारखे सजते, मावशी भरतकामाची गारा साडी नेसून बसतात. ओळखीची मुलगी कॅमेरा घेऊन आली तर मावशी सदऱ्यावर गाऊन घालून मटार सोलत बसतात आणि तिलाच म्हणतात, बस, चहा घे. मटार सोलणाऱ्या मावशीच पन्नास वर्षांनी इतिहास ठरतात. गारा नेसलेल्या मावशी तर संग्रहालयातही मिळतील, साड्यांसकट.

आजच्या हवेत हा विश्वास आणखी महाग झाला आहे. अनोळखी माणूस मोहल्ल्यात कॅमेरा घेऊन शिरला तर तो पत्रकार, पोलीस, की आणखी कोणाचा माणूस, हा प्रश्न आधी येतो. फोटो कुठे जाईल, कोणत्या वाक्याखाली लागेल, याची खात्री कोणी देत नाही. अशा वेळी ज्याला गल्लीतले लोक लहानपणापासून ओळखतात, ज्याने त्यांच्या बारशाचे आणि जनाज्याचे फोटो काढले आहेत, तोच एक धागा उरतो. मालेगावात यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतल्या पोरांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर आपले सिनेमे काढले, 'मालेगाव के शोले'पासून सुरुवात झाली, आणि सगळ्यांना त्याचे हसू आणि कौतुक वाटले. त्या गमतीच्या सिनेमांच्या मागे जी घरे, गल्ल्या आणि चेहरे दिसतात, ते त्या गावाचे दुर्मीळ चित्रण आहे, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात आले. व्हिडिओ टेपांनाही बुरशी लागते, आणि त्यांचे आयुष्य निगेटिव्हपेक्षाही कमी.

आता अलिबागकडे वळू. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून वाचलेल्यांचे आपण वंशज, अशी बेने इस्रायलींची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. आडनावे पेणकर, रोहेकर, चेऊलकर. घरची भाषा मराठी. नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा. कुलाबा जिल्ह्याच्या 1883 च्या गॅझेटियरमध्ये त्यांचे वर्णन आहे. 1874 साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादामध्ये, म्हणजे पासोव्हरच्या रात्री वाचायच्या पोथीत, तर चित्रेच आहेत: आपल्याकडच्या पेहरावातल्या स्त्रिया जमिनीवर बसून पासोव्हरची बेखमीर भाकरी करताना. म्हणजे या समाजाला स्वतःचे रोजचे जगणे चित्रात उतरवण्याची जाण दीडशे वर्षांपूर्वीच होती. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. 2011 च्या जनगणनेत सगळ्या भारतात ज्यू होते 4,650. महाराष्ट्राने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या यादीत ते आजही नाहीत.

अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा इथल्या स्टुडिओंनी या कुटुंबांची लग्ने टिपली, मुले बसायला लागल्यावर त्यांचे फोटो काढले, निघायच्या आधी पासपोर्टचे फोटो काढले. अल्बम बोटीने आणि विमानाने लोद, अश्दोद, दिमोनाला गेले. निगेटिव्ह इथे राहिल्या. तिकडच्या तिसऱ्या पिढीला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे फोटोमागे आजीने काय लिहिले ते कळत नाही. इकडच्या स्टुडिओवाल्याच्या नातवाला निगेटिव्हमधली माणसे कोण ते ठाऊक नाही. दोन तुकडे दोन देशांत. ते एकत्र आणायचे तर दोन्हीकडच्या ऐंशी वर्षांच्या माणसांना एका पडद्यासमोर बसवावे लागेल, आणि हे तंत्रज्ञान आज प्रत्येकाच्या खिशात आहे. दहा वर्षांनी तंत्रज्ञान असेल, माणसे नसतील.

हाइम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्रायलींचा इतिहास 1897 मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. हस्तलिखित चाळीस वर्षे थांबले आणि तरी वाचले. कागद बराच काळ थांबतो. फिल्म थांबत नाही, आणि फिल्म वाचली तरी तिच्यातल्या चेहऱ्यांना ओळखणारा थांबत नाही.

आम्हाला सर्वांत मोठा धोका वाटतो तो या दुसऱ्या नासण्याचा. पहिल्यावर निदान शीतपेटी आहे, स्कॅनर आहे. 1962 सालच्या नवजोतीच्या फोटोत मधोमध बसलेली मुलगी कोण, तिच्या डोक्यावर हात ठेवणारे दस्तूरजी कुठल्या अग्यारीचे, मागे उभी असलेली, न नटलेली बाई घरची की आया, हे सांगणारी एकच व्यक्ती जिवंत असते, आणि तिला कोणी विचारलेले नसते. ती गेल्यावर तो फोटो 'पारशी नवजोत, मुंबई, सुमारे 1960' होतो. म्हणजे पुन्हा जॉन्सनचा खण: जमात, प्रसंग, अंदाजे साल. कागद उत्तम अवस्थेत असेल, आणि माणूस मात्र नमुना झालेला असेल. असे हजारो अनामिक फोटो जुन्या बाजारात, चोरबाजारातल्या टोपल्यांत आजही मिळतात. सजावटकार ते घेऊन नव्या 'इराणी' रेस्टॉरंटच्या भिंतीवर टांगतात. कोणाची तरी आजी मेनूकार्डाची पार्श्वभूमी होते.

नाव हरवण्याची कथा कॅमेऱ्याच्या अलीकडच्या बाजूलाही आहे. होमाई व्यारावाला, 1913 साली नवसारीत जन्मल्या, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार ठरल्या. सुरुवातीच्या काळात त्यांचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापून येत. त्यांचा पहिला छापील फोटो होता एका महिला मंडळाच्या सहलीचा. नेहरू आणि माउंटबॅटन नंतर आले. आधी मुंबईच्या बायका, त्यांची सहल, त्यांचे हसणे. 2011 मध्ये पद्मविभूषण मिळाले, 2012 मध्ये त्या गेल्या. त्यांचा संग्रह सुरक्षित आहे, दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे, म्हणजे एका खासगी संस्थेकडे. अल्काझींचे आभारच मानायला हवेत. पण व्यारावालांसारखे नाव असूनही ठेव ठेवायला खासगी दारच शोधावे लागत असेल, तर अलिबागच्या स्टुडिओवाल्याने कोणते दार ठोठावावे?

सिनेमाच्या बाबतीत सरकारला हे फार आधी कळले. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. त्या संग्रहातल्या जुन्या नायट्रेट फिल्म 2003 च्या जानेवारीतल्या आगीत गेल्या, तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पण निदान जळायला काहीतरी जमवलेले होते. साध्या माणसांच्या साध्या फोटोंसाठी त्या तोलाची सार्वजनिक संस्था महाराष्ट्रात नाही. पुराभिलेख संचालनालय आहे, त्याचे मूळ 1821 पर्यंत जाते, आणि सरकारी कागद सांभाळण्याचे त्याचे काम मोठे आहे. दर्शनिका विभाग आहे, जो जिल्ह्याजिल्ह्यांचे ग्रंथ तयार करतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला जतनाचे उत्तम केंद्र आहे. पारशांचे स्वतःचे अल्पाईवाला संग्रहालय खरेघाट कॉलनीत आहे, कामा इन्स्टिट्यूट आहे. माणसे आहेत, कसब आहे, इमारतीही आहेत. नाही तो आदेश, आणि नाही ते अंदाजपत्रकातले एक शीर्ष.

केंद्राने 'हमारी धरोहर' नावाने अल्पसंख्याकांचा वारसा जपण्याची योजना आणली होती. तिच्यातून 2016 मध्ये दिल्लीत पारशी संस्कृतीचे भव्य प्रदर्शन झाले; पुढे ती योजना 'पीएम विकास'मध्ये विरघळली. प्रदर्शने वाईट नसतात. पण प्रदर्शनाला जे देखणे असते तेच मागवले जाते: जरी, चांदी, तसबिरी, दुर्मीळ पोथ्या. मटार सोलणाऱ्या मावशी दिल्लीला जात नाहीत.

गावोगावच्या स्टुडिओंचे काय झाले, हेही पाहायला हवे. डिजिटल आल्यावर काळी खोली बंद झाली, कोडॅकने 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि आपल्याकडे स्टुडिओची पाटी 'झेरॉक्स, लॅमिनेशन, आधार' अशी झाली. जुन्या काचेच्या निगेटिव्ह खरवडून काच खिडक्यांना लावल्याच्या कहाण्या या धंद्यात जुन्याच आहेत. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये चांदी असते म्हणून ती काढून घेणाऱ्यांना त्या किलोवर विकल्या गेल्या. स्टुडिओवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. जागेचे भाडे चढत होते आणि निगेटिव्ह मागायला वीस वर्षांत कोणी आले नव्हते. केतकी शेठ यांनी देशभरच्या अशा उरल्यासुरल्या स्टुडिओंचे फोटो काढून 'फोटो स्टुडिओ' हे पुस्तक केले, त्याआधी सिद्दींवरही केले. म्हणजे इथेही एका छायाचित्रकारानेच दुसऱ्यांची आठवण ठेवली.

त्यात कायद्याची एक गाठ आहे, ती सोडवल्याशिवाय कोणतीही संस्था हात घालणार नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाचा. निगेटिव्ह मात्र स्टुडिओच्या कपाटात. गिऱ्हाईक हैफाला किंवा टोरंटोला, कपाट पेणला. कोणाची परवानगी घ्यायची? राज्याने एक साधा नियम करावा: मूळ वस्तू ज्याची त्याच्याकडेच राहील, सरकार फक्त स्कॅन आणि माहिती घेईल, कुटुंबातल्या कोणीही हरकत घेतली तर फोटो खुला होणार नाही, आणि धार्मिक विधीचे किंवा घरातले खासगी फोटो किती वर्षे बंद ठेवायचे ते तो समाज ठरवेल. अल्पसंख्याकांचे चेहरे एका ठिकाणी जमा करायचे म्हटल्यावर आजच्या दिवसांत जी भीती वाटते, ती खोटी नाही. म्हणूनच हा साठा पोलीस, निवडणूक किंवा ओळखपत्राच्या कोणत्याही यंत्रणेला कधीही दिला जाणार नाही, हे कायद्यात लिहिलेले असले पाहिजे. नुसत्या आश्वासनावर कोणी ट्रंक उघडणार नाही, आणि उघडूही नये.

'आता सगळ्यांच्या हातात फोन आहे, फोटोंचा पूर आला आहे, चिंता कशाची' असे म्हणणारे भेटतात. पूर आला की विहिरीचे पाणीही पिण्याजोगे राहत नाही. व्हॉट्सॲपवरून फिरलेला फोटो आकसतो आणि त्याच्या पोटातली तारीख-ठिकाणाची माहिती गळून पडते. फोन चोरीला जातो, पासवर्ड माणसाबरोबर जातो, हार्ड डिस्क एक दिवस टकटक आवाज करते आणि बंद पडते. निगेटिव्ह निदान काही दशके दम धरते. 2008 सालच्या मेमरी कार्डावरचे फोटो आज किती घरांत उघडतात, हे प्रत्येकाने आपल्या खणात पाहावे. दुसरा आक्षेप जरा उर्मट असतो: पारशांकडे पैसा आहे, त्यांचे ते करतील. ट्रस्टांनी करावे, हे खरेच; कित्येक ट्रस्टांच्या भांडणांवर वकिलांचा जेवढा खर्च होतो, त्यात अशी दोन-चार संग्रहालये चालतील. पण मुंबईच्या गोदीचा, गिरण्यांचा, रंगभूमीचा, 1822 पासून निघणाऱ्या मुंबई समाचारचा इतिहास पारशांचा खासगी मामला नाही. तो आपला आहे, आणि आपण त्याचा अभिमान मोफत मिरवतो.

मागणी अवाढव्य नाही. एक शीतकोठार हवे, मुंबई किंवा पुण्यात, जिथे मरणाच्या दारातल्या निगेटिव्ह ठेवता येतील. रायगड, ठाणे, पालघर, मुंबई, पुणे या जिल्ह्यांतून फिरणारी स्कॅनरची पथके हवीत, आणि त्या पथकात तंत्रज्ञाबरोबर गुजराती, हिब्रू, उर्दू, कोकणी वाचणारा माणूस हवा. पारशी बागेच्या हॉलमध्ये, सिनेगॉगच्या अंगणात, जमातखान्यात ज्येष्ठांना बसवून पडद्यावर एकेक फोटो दाखवायचा आणि ते जे बोलतील ते ध्वनिमुद्रित करायचे. 'ही ना, ही खोरशेद, हिने पळून लग्न केले,' असे कोणी म्हटले की त्या फोटोचा जीव वाचला. हे काम करण्यासाठी त्या त्या समाजातल्या तरुण छायाचित्रकारांना दोन-तीन वर्षांचे मानधन द्यावे. ते जुने ओळखून घेतील आणि नवे काढतीलही. तारापोरवालांना वीस वर्षे स्वतःच्या हिकमतीवर काढता आली. प्रत्येक समाजाला अशी व्यक्ती लाभत नाही, आणि लाभली तरी तिने घरचे खाऊन हे का करावे?

क्रम मात्र चुकवू नये. सरकारी पद्धत अशी की आधी इमारत, मग पदे, मग समिती, मग निविदा, आणि सर्वांत शेवटी काम. इथे उलटे करावे लागेल. आधी नावे, मग स्कॅन, मग कोठार, आणि इमारत झाली नाही तरी चालेल. साठीच्या वरचे एकतीस टक्के 2001 मधले होते. त्यातले अनेक आता नाहीत. प्रत्येक आर्थिक वर्षात, प्रस्ताव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत, काही हजार चेहरे कायमचे अनामिक होत आहेत. अल्पसंख्याक विकास विभागाने आणि सांस्कृतिक कार्य विभागाने हे काम कोणाचे यावर पत्रव्यवहार न करता येत्या अर्थसंकल्पात ते संयुक्तपणे मांडावे. मांडले नाही, तर विधिमंडळात त्याचा जाब विचारायला या समाजांकडे मतांची संख्या नाही. ती नसते, म्हणून तर त्यांना अल्पसंख्याक म्हणतात. जाब इतरांनी विचारायचा आहे.

तोवर वाचकांनी एवढे करावे. घरातल्या, शेजारच्या, ओळखीच्या कोणत्याही समाजातल्या ज्येष्ठ माणसाकडे या रविवारी जुना अल्बम घेऊन बसावे. फोटो उलटा करून कडेला मऊ पेन्सिलीने नाव, नाते, गाव आणि साल लिहावे. बॉलपेनने लिहू नये, त्याचा उठाव पुढच्या बाजूला येतो आणि शाई पसरते. निगेटिव्ह असतील तर प्लास्टिकच्या पिशवीतून काढून कागदाच्या पाकिटात ठेवाव्यात, आंबट वास येणाऱ्या वेगळ्या काढाव्यात आणि त्यांचे स्कॅन आधी करावे.